पोचा काढल्याशिवाय रंग नाही

किटलीत काढण्यासारखं तसं होतं काय? ॲल्युमिनियमचं फुगीर पोट, आखूड तोटी, वर कडी आणि झाकणाला काळी गोटी. शाळेतलं पोरही काढेल. पण तोटीच्या खाली, ऐन पोटावर, तिला तळहाताएवढा पोचा पडलेला होता, आणि सगळी भानगड त्या पोच्याची होती. गेले कित्येक आठवडे अर्धी रोज सकाळी पेन्सिल घेऊन त्या पोच्यापुढे बसत होती आणि रोज सकाळी हात टेकून उठत होती.

अर्धी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी विणायला घेतलेला स्वेटर एका बाहीवर राहिला तेव्हा मोठ्या भावाने ते ठेवलं, आणि बाईसाहेबांनी पुढे ते बदलायची वेळच येऊ दिली नाही. टायपिंग शिकली, तर परीक्षेच्या दिवशी ताप आला. पोहायला गेली, तर पाण्यात तोंड घालायची पाळी आली तशी टॉवेल गुंडाळून घरी आली. गिटार होती, ती कपाटावर पडून होती आणि तिच्या पोकळीत सासूबाई जुन्या पिशव्या कोंबून ठेवत. लग्न ठरलं तेव्हा भावाने होणाऱ्या मेहुण्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, की बघा हं, ही तुम्हालाही अर्ध्यावर सोडायची. लग्न तेवढं टिकलं, पण नाव माहेराहून सासरी आलं ते आलंच. ती हसण्यावारी न्यायची. हसता हसता आत कुठेतरी लागायचं, पण ते तिने कधी कोणाला दिसू दिलं नाही.

चित्रकलेचा वर्ग लावला तेव्हाही घरात हसंच झालं. भावाने फोनवर विचारलं, की आता काय, अर्धं चित्र का? तिने फोन ठेवला आणि मनाशी पक्कं केलं, की या वेळी नाही. हेही सोडलं तर आपण खरोखरच अर्ध्या, मग भावाला बोल लावण्यात अर्थ नाही.

तशी ती कामाला कच्ची नव्हती. बेकरीत केक सजवायची. लोण्याची गुलाबं, कडेची नक्षी, वर वाढदिवसाचं नाव, सगळं एका हाताने, न थांबता. म्हणून तर लोक आणखीच डोकं उठवायचे. एवढा छान हात आहे तुझा, मग एक किटली जमू नये? आता त्यांना काय सांगणार, की हात छान आहे हीच तर रड आहे. जन्मभर सुरीने क्रीम गुळगुळीत करत आलेला हात तो. कागदावरही त्याला खाच दिसली की तो ती लाडाने गोल करून टाकायचा. एका शनिवारी चित्रकलेच्या बाईंनी तिचं चित्र हातात धरलं, लांब नेलं, जवळ आणलं आणि म्हणाल्या, "हा पोचा नाही, ही खळी आहे. तुमची किटली लाजते आहे." सगळा वर्ग हसला. तीही हसली, आणि घरी जाताना वाटेत तिचे डोळे भरून आले.

बाई म्हणजे एक प्रकरण होतं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्यांचा वर्ग भरायचा. अंगाने एवढ्याशा, पण नियम ढीगभर. एकच वस्तू निवडायची आणि ती रोज काढायची. खाडा नाही. खोडरबर दाराबाहेर ठेवायचं. आणि वस्तू कागदावर आली, असं बाईंनी म्हटल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही. बाकीच्यांनी शहाणपणाने सफरचंद घेतलं, कप घेतला, एका निवृत्त गृहस्थांनी आपली चप्पल घेतली. त्यांची चप्पल केव्हाच आली. हिला कुठून दुर्बुद्धी सुचली आणि नवऱ्याच्या गॅरेजात फेकून दिलेली किटली हिने उचलून आणली. का, तर त्या पोच्यात उजेड पडला की करड्या रंगाच्या इतक्या छटा दिसायच्या, की ती बघतच राहायची.

रंगांसाठीच तर ती आली होती हो. बेकरीत रंग म्हणजे गुलाबी, पिवळा आणि पिस्ता. करडा नावाचा रंग जगात असतो हे बेकरीच्या मालकाच्या गावीही नव्हतं. तिने पहिल्या आठवड्यातच जलरंगांची पेटी घेऊन ठेवली होती. ती खणात तशीच कोरी पडली होती. कधीमधी ती झाकण उघडायची, वड्यांकडे बघायची आणि पुन्हा लावून टाकायची. रंगांचा वर्ग वर्षातून एकदाच सुरू व्हायचा, आणि तो येत्या शनिवारी सुरू होणार होता. बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, की शनिवारी पोचा घेऊन या. आला असेल तर ब्रश हातात घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणजे काय, ते अर्धी पुरतं ओळखून होती. स्वेटरची दुसरी बाही पुढच्याच वर्षी व्हायची होती.

आणि सराव करायचा म्हणजे घरात काय कमी विघ्नं? सकाळी खिडकीतून उजेड यायचा तेवढाच वेळ तिचा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर किटली ठेवायची, आणि ती तशीच, त्याच कोनात राहायला हवी. सासूबाई टेबल पुसताना ती रोज उचलायच्या आणि आपल्या मनाला येईल तशी ठेवायच्या. आज तोटी खिडकीकडे, उद्या भिंतीकडे. अर्धीने किटलीभोवती खडूने गोल आखून ठेवला, तर सासूबाईंनी डाग समजून तो घासून काढला. तिने नखाच्या रंगाने आखला, तर त्यांनी दिवसभर त्यावर चाकू चालवला. वर म्हणायच्या, की रोज ती एकच मेली किटली काय काढतेस, मला काढ की, मी काही हलत नाही. एकदा तिने खरंच काढायला घेतलं, तर त्या पाच मिनिटांत घोरायला लागल्या आणि मान छातीवर गेली. दूध उतू जायचं. फोन वाजायचा. पेन्सिलीचं टोक ऐन रेषेत मोडायचं. एखाद्या दिवशी सगळं जुळून यायचं, तर बाहेर आभाळ यायचं आणि पोच्यातला उजेडच पळून जायचा.

राहता राहिला नवरा. नवरा डेंटर होता. दोन गल्ल्या सोडून त्याचं गॅरेज होतं आणि गाड्यांच्या पत्र्याचे पोचे काढणं हा त्याचा धंदा होता. पत्र्यावर ठोकून ठोकून कान निम्मे गेले होते, त्यामुळे घरात बोललेलं त्याला अर्धं ऐकू यायचं आणि उरलेलं तो आपल्या समजुतीने भरून घ्यायचा. बोलायचा कमी. डोळ्यांवर त्याचा भरवसा नव्हता, तळहातावर होता. डोळ्याला पत्रा सरळ दिसतो, पण हात फिरवला की कळतं, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे त्याला जिथे तिथे हात फिरवायची खोड होती. टेबलावर, दारावर, एकदा तर बेकरीत तिने तयार करून ठेवलेल्या केकवर. त्या दिवशी मालकाने दोघांनाही फैलावर घेतलं होतं.

असा हा माणूस रोज सकाळी चहा पीत तिची कटकट ऐकायचा. तिची वही त्याने पाहिली नव्हती, कारण ती कोणालाच दाखवत नव्हती. ऐकायचा तेवढंच. पोचा काढता येत नाही. पोचा काढायला गेलं की कडा बिघडते. बाकी किटली ठीक आहे, पण पोचा काही निघत नाही. तो मान डोलवायचा आणि बुटाची नाडी बांधायचा. एकदाच तो आपणहून बोलला होता. पोचा काढल्याशिवाय बाई रंगाला हात लावू देत नाहीत, असं ती चिडून म्हणाली, तेव्हा त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बाईंचं बरोबर आहे. आमच्याकडेही तसंच." तिला रागच आला. घरचा माणूस, आणि तोही बाईंच्या बाजूचा.

गुरुवारी तिचा धीर सुटला. सकाळचा उजेड चांगला होता, सासूबाई देवासारख्या आपल्या खोलीत बसून होत्या, आणि तरीही कागदावर पुन्हा तीच गुबगुबीत खळी. तिने पेन्सिल टेबलावर आपटली. ती घरंगळत नवऱ्याच्या बशीला लागली. "जीव गेला माझा या पोच्यापायी," ती म्हणाली. "शनिवार तोंडावर आला. एवढा एक पोचा काढता आला असता तर सुटले असते मी." नवऱ्याने पेन्सिल उचलून तिच्यापुढे ठेवली, किटलीकडे जरा वेळ पाहिलं, पोच्यावरून एकदा तळहात फिरवला आणि काही न बोलता कामावर गेला. तिला वाटलं, दगड आहे दगड. बायको रडकुंडीला आली तरी याच्या तोंडातून शब्द फुटेल तर शपथ.

शुक्रवारी सकाळी मात्र नवल झालं. पोच्याची वरची कडा आली. कशी आली ते तिलाही सांगता आलं नसतं. रात्रभर नीट झोप नव्हती, हात जड होता, लाडात येण्याचं त्राणच त्यात नव्हतं. एक रेघ कडक उतरली, मोडल्यासारखी, आणि तिच्याखाली पत्रा आत गेला. खराच आत गेला. ती श्वास धरून बसली. आता फक्त खालची बाजू राहिली, जिथे पोचा हळूहळू पोटात मिसळून जातो ती. आणि तेवढ्यात बेकरीतून फोन. लग्नाचा केक एका बाजूला कलला होता, मालक हवालदिल झाला होता, आत्ताच्या आत्ता या म्हणत होता. तिने त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. निघताना तिने सासूबाईंना हात जोडून सांगितलं, की आजचा दिवस टेबल पुसू नका, किटलीला बोट लावू नका. सासूबाई म्हणाल्या, की बरं बाई, नाही लावत.

दिवसभर कलता केक सावरताना तिच्या डोळ्यांपुढे ती कडाच होती. तिने गुलाबं केली, पानं केली, आणि मालकाने काय झालं म्हणून विचारावं इतकी ती गप्प गप्प हसत होती. उन्हं कलताना सुटल्यावर तिने भाजी घेतली नाही, शेजारणीशी बोलली नाही, सरळ घर गाठलं. सकाळचा नसला, तरी उजेड अजून होता. बोटांना लोण्याचा वास होता, तो धुवायलाही ती थांबली नाही.

किटली टेबलावर होती. नखाच्या रंगाचा गोल जेमतेम उरला होता, त्यात बरोबर मधोमध. तोटी हवी तिकडे. आणि किटली लखलखत होती. पोट गोल, भरलेलं, नवं कोरं. तिच्यात खिडकी दिसत होती आणि खिडकीपुढे उभी असलेली अर्धी दिसत होती. पोचा नव्हता.

तिने किटली फिरवून पाहिली. वेड्यासारखी, दुसऱ्या बाजूला गेला असेल म्हणून. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आपण शब्द पाळल्याचं सांगू लागल्या. त्यांनी हात लावला नव्हता. जेवायला आलेल्या आपल्या मुलालाही त्यांनी बजावलं होतं, की तिची आहे ती, तिला विचार. तर तो म्हणाला, तिच्यासाठीच नेतोय. मघाशी परत आणून जिथली तिथे ठेवून गेला. बघ तरी किती छान केली, असं सासूबाई म्हणत होत्या, पण ऐकायला ती होती कुठे? किटली कडीला धरून ती जिना उतरली होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. गॅरेजात नवरा एका गाडीच्या दाराशी उकिडवा बसून ठोकत होता. तिने किटली त्याच्यासमोर गाडीच्या बॉनेटवर आपटली. त्याने वर पाहिलं आणि चक्क हसला. वर्षातून एकदा हसायचा माणूस.

"काढला बघ," तो म्हणाला. "आतून हात जात नव्हता, तोटी आडवी येत होती. पण काढला."

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तूच. रोज तर म्हणतेस, पोचा काढायचाय, पोचा निघत नाही."

"कागदावर काढायचा होता," ती ओरडली. "चित्रात. चित्रात काढायचा होता मला तो."

त्याच्या हातातली हातोडी तशीच राहिली. त्याने किटलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मनातल्या मनात तो ते सगळे दिवस, ती सगळी वाक्यं उलटी फिरवून बघत असावा. मग अगदी हळू म्हणाला, "मग तसं म्हणायचं."

"तसंच म्हणत होते."

चूक कोणाची म्हणायची? शब्दाला धरून तर ठोकता येत नाही. ती तिथल्याच एका टायरवर बसली आणि रडू लागली. आता संपलं, असं ती म्हणत होती. आज कडा आली होती, फक्त खालची बाजू राहिली होती, आणि आता उद्या बाईंना काय दाखवू, अर्धा पोचा? अर्धीचा अर्धा पोचा. भावाला तर आयतंच मिळालं, म्हातारी होईपर्यंत पुरेल. नवरा तिच्याजवळ उभा होता. हात पुढे करावा तर हात काळे, म्हणून ते पँटला पुसत नुसताच उभा राहिला. तो कसनुसा झाला होता. चार शब्दांत तो जे बोलला त्याचा अर्थ एवढाच होता, की त्याला वाटलं, बायको इतके दिवस एका पोच्यापायी हैराण आहे आणि नवरा असून आपण नुसते चहा पितोय.

मग तो एकदम म्हणाला, "परत पाडून देतो."

आयुष्यात त्याने मुद्दाम पोचा पाडला नव्हता. लाकडी हातोडा घेऊन तो किटलीपुढे उभा राहिला, उचलला, आणि हात वरच्या वर थांबला. कुठे मारू, त्याने विचारलं. केवढा होता? वरून खोल होता की खालून? तिने तोंडाने सांगायला सुरुवात केली. तोटीच्या खाली. नाही, इतका खाली नाही. कडा वरच्या बाजूला होती, खाली नव्हती. तो हातोडा इकडून तिकडे नेत होता आणि प्रत्येक वेळी चुकीच्या जागी. काढायला एवढा हुशार आणि आठवायला काही नाही. ज्याचा पोचा निघाला तो पत्रा त्याच्या हाताने केव्हाच विसरून टाकला होता.

"अहो, असा नाही हो," ती तडकून उठली. गाडी रंगवताना काचांवर चिकटवायचा खाकी कागद होता, त्याचा तुकडा तिने टरकन फाडला आणि बॉनेटवर पसरला. पत्र्यावर खुणा करायची जाड काळी पेन्सिल पडली होती, ती उचलली. "हे बघा. ही वरची कडा. कडक आहे, मोडल्यासारखी, इथे गोल नाही. इथून पत्रा सरळ आत जातो. इथे सगळ्यांत खोल. पण इथे तळाला उजेड आहे, काळं नाही, उजेड आहे, कारण खिडकी उलटी पडते. आणि ही खालची बाजू, ही कळतच नाही कुठे संपते. हळूहळू येते वर. अशी. अशी. कळलं का आता?" बोलता बोलता तिचा हात चालत होता. गोल करायला, लाड करायला त्याला सवडच नव्हती. रागाने पेन्सिल कागदात घुसत होती, एके ठिकाणी कागद थोडा फाटलाही.

हातोडा त्याने खाली ठेवला. मग नेहमीच्या खोडीने हात पुढे केला आणि कागदावर, पोच्यावर, तळवा ठेवून हलकेच फिरवला. वरून खाली. कडेपाशी त्याचा हात आपोआप थांबला, तिथून आत गेल्यासारखा वाकला आणि हळूहळू वर आला. कागद तर सपाट होता. त्याने हात उचलून तळव्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा फिरवून बघितला.

तेव्हा तिने कागदाकडे नीट पाहिलं. तोटी नव्हती, कडी नव्हती, झाकणाचा पत्ता नव्हता. किटली अर्धीच होती. पण पोचा पुरा होता. बॉनेटवर शेजारी लखलखीत किटली उभी होती आणि तिच्यात असलं काहीही नव्हतं. समोर नसलेली वस्तू बाईंच्या नियमात बसते की नाही, खाकी कागद चालतो की नाही, हे सगळे प्रश्न उद्याचे होते. बाईंचा काही नेम नाही. पण हा त्यांना दाखवायचा, एवढं ठरलं.

तेवढ्यात नवऱ्याच्या लक्षात आलं. कागदावर, पोच्याच्या बरोबर वर, त्याच्या तळव्याचा तेलकट काळा ठसा उमटला होता, पाची बोटांसकट. त्याचा चेहरा पार उतरला. त्याने घाईघाईने फडकं शोधलं, थिनरचा डबा उघडला.

"आत्ता काढून देतो," तो म्हणाला. "डाग आहे, निघेल."

तिने कागद त्याच्या हाताखालून ओढून घेतला.

"तुम्ही आता काही काढू नका," ती म्हणाली. "काढायचं ते काढून झालंय."